अंगठ्यावरची रॅली

रॅलीचे व्हिडिओ गेम खेळतो असं कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "व्हील कुठलं घेतलंस?" व्हील नाही, साध्या कंट्रोलरवर खेळतो म्हटलं, की विचारणाऱ्याचा चेहरा पडतो. लग्नाला बोलावून नुसत्या चहा-बिस्किटांवर बोळवण करावी, तसा. मग तो म्हणतो, "मग ती रॅली कसली?"

हा प्रश्न मला गेली दहा वर्षं विचारला जातोय. मी बेळगावचा. उद्यमबागेतल्या एका मशीनशॉपमध्ये मापं तपासायचं काम करतो आणि रात्री जेवण झाल्यावर तासभर फिनलंडच्या किंवा वेल्सच्या जंगलात गाडी पळवतो. हे सगळं दोन अंगठ्यांवर आणि दोन तर्जन्यांवर चालतं. पण आता तोच प्रश्न मंडळाच्या कार्यक्रमांत भेटणारी मुलंही विचारायला लागली आहेत, आणि त्यांच्या मागून त्यांचे आई-बाबाही. कारण साधं आहे. व्हील आणि पेडलचा बरा संच घ्यायचा तर पंचवीस-तीस हजारांच्या पुढे जावं लागतं. तो बसवायला घट्ट टेबल किंवा वेगळा स्टँड लागतो. कंट्रोलर पाच-सहा हजारांत येतो आणि खेळून झाल्यावर ड्रॉवरमध्ये मावतो. मधल्या पंचवीस हजारांत एखाद्या घरची एका सत्राची फी बसते.

माझ्या चुलतभावानं बारावीचा निकाल लागल्यावर काकांकडे व्हीलच मागितलं. "व्हील नसेल तर खेळणारच नाही," असं त्याचं म्हणणं. काकांनी मला बोलावून विचारलं, "खरंच लागतंय काय रे ते?" त्यांना जे उत्तर दिलं, तेच इथं जरा सविस्तर लिहितोय.

रॅलीत नेमकं काय असतं?

गोल ट्रॅकवरची शर्यत आपण टीव्हीवर पाहिलेली असते. वीस गाड्या एकत्र सुटतात आणि तीच वळणं पन्नास वेळा येतात. रॅलीत तसं नसतं. रस्ता बंद करून ठरावीक लांबीचा टप्पा आखतात, त्याला स्टेज म्हणतात. गाड्या एकामागून एक, थोड्या थोड्या वेळानं सोडतात. प्रत्येकाची लढाई घड्याळाशी. रस्ता कधी मातीचा, कधी खडीचा, कधी बर्फाचा, कधी डांबरी घाटाचा. जागतिक अजिंक्यपदाची मालिका १९७३ साली सुरू झाली.

शर्यतीच्या वेगात ड्रायव्हरनं तो रस्ता पाहिलेला नसतो. आधी फक्त पाहणी करायला मिळते, साधारणपणे दोन फेऱ्या, त्याही रोजच्या रहदारीच्या वेगानं. त्या फेऱ्यांत ड्रायव्हर वळणांचं वर्णन सांगतो आणि शेजारी बसलेला सहचालक वहीत टिपून घेतो. या टिपणांना पेस नोट्स म्हणतात. शर्यतीच्या दिवशी सहचालक ती मोठ्यानं वाचतो आणि ड्रायव्हर डोळ्यांनी दिसायच्या आधी कानांनी रस्ता पाहतो. वळणाला आकडा असतो. प्रचलित पद्धतीत एक म्हणजे अगदी आवळ वळण, सहा म्हणजे जवळजवळ सरळ. "डावं चार, पुढे आवळून दोन, आतून कापू नको," एवढ्या शब्दांत पुढचे शंभर मीटर सांगून होतात.

ही गंमत पहिल्यांदा घराघरांत पोचवली ती १९९८ साली आलेल्या 'कॉलिन मॅकरे रॅली' या खेळानं. मॅकरे हा स्कॉटलंडचा ड्रायव्हर, १९९५ चा जगज्जेता. खेळात त्याच्या शेजारी आवाज होता त्याचा खराखुरा सहचालक निकी ग्रिस्ट याचा. तो खेळ प्लेस्टेशनवर आला आणि बहुतेक मुलांनी तो कंट्रोलरवरच खेळला. पुढे त्याच घराण्यात २०१५ चा 'डर्ट रॅली', २०१९ चा 'डर्ट रॅली २.०' आणि २०२३ चा 'डब्ल्यूआरसी' असे जास्त अवघड आणि जास्त खरे वाटणारे खेळ आले. पण रॅली गेमची एक अख्खी पिढी अंगठ्यावरच वाढली आहे.

दीड फेरा आणि एक सेंटिमीटर

आता अडचण कुठं आहे ते पाहू. रॅलीच्या गाडीचं स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साधारण दीड फेरा फिरतं, म्हणजे ५४० अंश. घरी वापरायची मधल्या किमतीची व्हील तर ९०० अंशांपर्यंत फिरतात. कंट्रोलरची स्टिक मात्र मधून एका बाजूला जेमतेम सेंटिमीटरभर जाते. ५४० अंशांत जी बारीक जुळवाजुळव करता येते, ती सगळी या सेंटिमीटरभर जागेत बसवायची असते.

त्यातून आणखी एक फरक येतो. खऱ्या गाडीत, किंवा चांगल्या व्हीलवर, पुढची चाकं घसरायला लागली की स्टिअरिंग हलकं होतं. मागची बाजू सुटली की ते आपोआप उलट्या बाजूला फिरू पाहतं. हाताला आधी कळतं, डोक्याला नंतर. स्टिकच्या आत असते ती नुसती स्प्रिंग. गाडी सरळ असो की आडवी, ती आपली मध्यभागी परत येणार. तिचा मध्य हा तिचा स्वतःचा असतो, गाडीचा नसतो. कंट्रोलरवर खेळताना पहिल्या दिवसापासून हे लक्षात ठेवलं तर पुष्कळ वैताग वाचतो.

खेळ बनवणाऱ्यांनाही हे ठाऊक असतं. अंगठा पाव सेकंदाच्या आत या टोकाहून त्या टोकाला जातो. कुठल्याही माणसाचे हात इतक्या वेगानं स्टिअरिंग फिरवू शकत नाहीत. म्हणून बहुतेक खेळांत कंट्रोलर लावला की गाडीची चाकं अंगठ्याच्या मागून जरा सावकाश वळतात, आणि वेग वाढला की कमी वळतात. काही जण याला फसवणूक म्हणतात. मला ते भाषांतर वाटतं. अंगठ्याची भाषा वेगळी, गाडीची वेगळी, मध्ये कुणीतरी दुभाषी लागतोच. आम्हा सीमाभागातल्या लोकांना त्यात नवल वाटायचं कारण नाही!

माझ्या कामाचं एक उदाहरण देतो. मायक्रोमीटर दोन बोटांत धरून फिरवताना ०.०१ मिलिमीटरचा फरक वाचायचा असतो. नवीन मुलगा येतो तो आधी करकचून आवळतो आणि माप चुकतं. काही आठवड्यांनी त्याची बोटं शांत होतात. यंत्र तेच असतं, हात बदललेला असतो. अंगठ्याचंही तसंच आहे. स्टिक टोकापर्यंत आपटणं बंद झालं की अर्धी रॅली जमली म्हणायची. लांब वळणात ती एकाच जागी दाबून धरण्यापेक्षा हलके हलके टोचे द्यावेत. थोडं वळवलं, सोडलं, पुन्हा थोडं. पोळी लाटताना लाटण्यावर जसा कधी जास्त, कधी कमी दाब पडतो, तसं.

जिथं कंट्रोलर पुढे असतो

अंगठ्याबद्दल बोलताना आपण तर्जन्या विसरतो. कंट्रोलरच्या पुढच्या बाजूला दोन ट्रिगर असतात. उजवा गॅसचा, डावा ब्रेकचा. दोन्ही किती दाबले ते मोजलं जातं, अर्धं दाबलं तर अर्धाच गॅस. म्हणजे गॅसला एक बोट आणि ब्रेकला दुसरं, दोन्ही कायम तयार.

रस्त्यावर गाडी चालवताना आपण दोन्हींसाठी एकच पाय वापरतो. रॅलीचे ड्रायव्हर मात्र पुष्कळदा डाव्या पायानं ब्रेक मारतात, कारण गॅस न सोडता ब्रेकला हलका स्पर्श केला की गाडीचं वजन पुढच्या चाकांवर येतं, पुढची पकड वाढते, मागची बाजू हलकी होते आणि गाडी वळणात नाक घालते. पायाला ही सवय लावणं अवघड असतं. डावा पाय वर्षानुवर्षं क्लचचा, तो ब्रेकवर एकदम धाडकन पडतो. कंट्रोलरवर ही कला तर्जनीला सहज येते. पहिल्या आठवड्यात माझ्या चुलतभावानं ती उचलली, आणि त्याला वाटलं आपण काही विशेष केलंच नाही.

या वजनाच्या हालचालीवरच सगळी रॅली चालते. ब्रेक मारला की वजन पुढे, गॅस दिला की मागे, वळवलं की बाहेरच्या बाजूला. मातीवर ज्या चाकावर वजन, त्याच चाकाला पकड. म्हणून ब्रेक सरळ रस्त्यावरच मारायचा आणि वळताना हळूहळू सोडत जायचा. वळणाच्या आधी क्षणभर उलट्या बाजूला झोका देऊन गाडी आत फेकायची जी युक्ती आहे, तिला स्कँडिनेव्हियन फ्लिक म्हणतात. ती अंगठ्यानं फार छान जमते, कारण तिथं झटपट डावं-उजवं करायचं असतं आणि स्टिकला ते हातापेक्षा लवकर होतं.

हँडब्रेक मात्र कंट्रोलरवर साधं बटण असतं, एक तर पूर्ण लागतो नाहीतर लागतच नाही. यू-वळणात तो टिचकी मारल्यासारखा वापरायचा. धरून ठेवला तर गाडी रस्त्याला पाठ दाखवून उभी राहते.

बसायच्या आधी दहा मिनिटं

खेळ सुरू केल्यावर थेट गाडी पळवू नका. आधी नियंत्रणाच्या सेटिंगमध्ये जा. 'डर्ट रॅली २.०' आणि 'डब्ल्यूआरसी'मध्ये तीन गोष्टी नक्की सापडतील.

पहिली डेडझोन. स्टिक मध्यभागी असताना तिच्या किती हालचालीकडे दुर्लक्ष करायचं, ते इथं ठरतं. स्टिक नवी असेल तर हे शून्याच्या जवळ ठेवा, म्हणजे छोटा टोचाही गाडीला कळेल. गाडी आपोआप एका बाजूला ओढायला लागली तरच ते थोडं वाढवा.

दुसरी लिनिअॅरिटी. हिच्यामुळे मध्याजवळची हालचाल मऊ होते आणि टोकाजवळची तिखट. सरळ रस्त्यावर गाडी सापासारखी वळवळत असेल तर ती इथं बदलून बघा. तिसरी सॅच्युरेशन, म्हणजे स्टिक पूर्ण ढकलल्यावर चाकं किती वळायची. एका वेळी एकच गोष्ट बदला, तीच स्टेज पुन्हा चालवा आणि आकडा वहीत लिहा. तीनही एकदम बदलले तर कशानं काय झालं ते कळत नाही. हा नियम आमच्या मशीनशॉपमधलाही आहे.

कंपन बंद करू नका. व्हीलसारखा ताण त्यातून मिळत नाही, तरी खडी, डांबर आणि चाक लॉक झाल्याची थरथर त्यातून बोटांना कळते. २०२० साली आलेल्या प्लेस्टेशन ५ च्या कंट्रोलरमध्ये तर ट्रिगरच कमी-जास्त जड होतात.

आणि गाडी निवडताना मोह टाळा. सगळ्यांना १९८० च्या दशकातल्या ग्रुप बी गाड्या हव्या असतात. त्या इतक्या बेफाम होत्या की १९८६ साली कोर्सिकाच्या रॅलीत हेन्री टोइव्होनेन आणि त्याचा सहचालक सर्जिओ क्रेस्टो यांचा मृत्यू झाला आणि त्या वर्षानंतर तो गटच बंद केला गेला. सुरुवात छोट्या, पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या गाडीनं करा. 'डर्ट रॅली २.०'मध्ये जुनी मिनी कूपर आहे. तिला कमी समजू नका, हीच गाडी १९६४, १९६५ आणि १९६७ साली माँटे कार्लो रॅली जिंकली होती. मागच्या चाकांवर चालणारी एस्कॉर्ट अंगठ्याला सगळ्यात जड जाते, कारण तिथं सतत उलटं स्टिअरिंग मारावं लागतं. ती नंतर. रस्ता न्यूझीलंडचा घ्या, रुंद आणि लांब वळणांचा. तिथं अंगठ्याला विचार करायला वेळ मिळतो.

"उजवं तीन, माथ्यावरून"

आता मुख्य मुद्दा. रॅलीत मागे पडणाऱ्यांचे हात कमी पडतात असं सगळे समजतात. माझ्या पाहण्यात बहुतेकांचे कान कमी पडतात. सहचालक "डावं दोन" म्हणतो तेव्हा आपण अजून आधीच्या वळणात असतो. ते वळण संपवता संपवता पुढचं डोक्यात ठेवायचं, आणि ते दिसायच्या आत ब्रेक सुरू करायचा. हे ज्याला जमलं त्याला कंट्रोलर पुरतो. ज्याला जमलं नाही त्याला व्हीलही वाचवत नाही.

यासाठी आमच्या घरी एक प्रयोग झाला. मामेबहीण सुट्टीत बंगळूरूहून येते. चौदा वर्षांची आहे. मराठी सगळं समजतं, बोलायची वेळ आली की गाडी इंग्रजीवर. खेळातल्या सहचालकाचा आवाज सेटिंगमधून पूर्ण कमी करता येतो. मी तो शून्य केला आणि तिला म्हटलं, आता तू वाच. पण मराठीत.

आधी वही तयार करावी लागली. मी एक छोटी स्टेज अगदी हळू चालवली, ती टिपत गेली. इथं शब्दांचा प्रश्न आला. टाइटन्सला काय म्हणायचं? "आवळतंय." ओपन्सला "सुटतंय." क्रेस्टला "माथा." चौकोनी वळणाला "काटकोन." यू-वळणाला तिनं "पिना" म्हटलं, केसातल्या पिनेसारखं, आणि तेच कायम झालं. धोक्याच्या जागेला "जपून." डावं आणि उजवं हे दोन शब्द कानाला इतके वेगळे लागतात की इंजिनाच्या आवाजातही गोंधळ होत नाही. "सावकाश घे कारण पुढे रस्ता अरुंद आहे" हे वाक्य मात्र बाद झालं. ते संपेपर्यंत गाडी झाडात असते. तिथं नुसतं "अरुंद!" पुरतं.

पहिले दोन दिवस ती अर्धं वळण उशिरा वाचायची. मग तिच्या लक्षात आलं की सहचालकानं रस्त्याकडे बघायचं नसतं, वहीकडे आणि ड्रायव्हरच्या लयीकडे बघायचं असतं. आठव्या दिवशी आम्ही ती स्टेज एकदाही न आपटता पूर्ण केली. त्या आठवड्यात ती जेवणाच्या ताटावरसुद्धा मराठीत बोलत होती. "आत्या, आमटी जपून, गरम आहे" असं म्हणाली तेव्हा आई माझ्याकडे बघून हसली. "मराठीत बोल गं" असं आम्ही तिला कितीतरी वेळा सांगितलं होतं. घाईत वापरायचं काम मिळाल्यावर ते सांगावं लागलं नाही.

व्हील असतं तर हे झालं नसतं असं मी म्हणत नाही. पण कंट्रोलर होता म्हणून आम्ही दोघं सोफ्यावर शेजारी बसलो, आणि मध्येच जागा बदलून ती ड्रायव्हर, मी सहचालक, असंही झालं.

आपली माणसं, लांबचे रस्ते

'डब्ल्यूआरसी' खेळात केनियाची सफारी रॅली आहे. लाल माती, पाण्याचे ओढे, धुरळा. तिथं खेळताना दोन नावं लक्षात ठेवा. केनियाचे जोगिंदर सिंग यांनी ही रॅली तीनदा जिंकली, १९६५, १९७४ आणि १९७६ साली. १९६५ च्या विजयात त्यांच्या शेजारी सहचालक म्हणून त्यांचा भाऊ जसवंत होता. दुसरे शेखर मेहता. युगांडात जन्मलेले, भारतीय वंशाचे. १९७३ मध्ये एकदा आणि मग १९७९ ते १९८२ सलग चार वर्षं, असे पाच वेळा ते जिंकले. आपल्याकडे गौरव गिल यांनी आशिया-पॅसिफिक रॅलीचं अजिंक्यपद तीनदा मिळवलं आणि २०१९ साली अर्जुन पुरस्कार मिळवणारे ते मोटारशर्यतीतले पहिले खेळाडू ठरले. भारतातल्या रॅलींत त्यांच्या शेजारी बसणारे मुसा शरीफ हे कासारगोडचे, आपल्याच किनाऱ्याच्या खालच्या टोकाचे.

आणि "हातात धरून कसली रॅली" असं कुणी म्हणालं, तर त्याला अल्बर्ट योवेरा यांच्याबद्दल सांगा. अँडोराचा हा माणूस आधी स्कीइंगचा ऑलिंपिक खेळाडू होता. १९८५ साली अपघातात कमरेखालचं शरीर निकामी झालं. पुढे तो रॅली ड्रायव्हर झाला आणि जागतिक मालिकेत उतरला. त्याच्या गाडीत गॅस आणि ब्रेक दोन्ही हातांनी चालतात. पोलंडचा रॉबर्ट कुबित्सा २०११ च्या अपघातात उजव्या हाताला कायमची इजा होऊनही २०१३ साली जागतिक रॅलीच्या दुसऱ्या गटाचा विजेता ठरला. खऱ्या रॅलीनं या दोघांना "तुमची पद्धत खरी नाही" असं म्हटलं नाही. घड्याळ बघितलं आणि वेळ लिहून घेतली.

ज्यांना पेडल दाबणं शक्य नाही त्यांच्यासाठी कंट्रोलर ही तडजोड नसतेच. २०१८ साली तर मोठी बटणं आणि बाहेरून हवे ते स्विच जोडायची सोय असलेला खास कंट्रोलरही बाजारात आला. तुमच्या नात्यात कुणाला हाताची किंवा पायाची अडचण असेल, तर हे त्यांच्यापर्यंत पोचवा.

मग व्हील घ्यायचंच नाही का?

घ्या की. ज्याला गाडीचा ताण हातात हवा आहे, ज्याच्याकडे जागा आहे, पैसे बाजूला पडलेले आहेत आणि वर्षभर खेळूनही गोडी टिकली आहे, त्यानं जरूर घ्यावं. घसरणारी गाडी हातात जिवंत होते, तो आनंद अंगठ्यावर मिळत नाही हे मान्य. 'रिचर्ड बर्न्स रॅली' हा २००४ चा खेळ आजही जाणकार आवडीनं खेळतात, त्याची खरी मजा व्हीलवरच आहे.

पण त्याआधी एक अट घाला. एकच गाडी, एकच देश, तीन महिने कंट्रोलरवर. रोज एक स्टेज, वेळ वहीत. तीन महिन्यांनी वहीत सुधारणा दिसली आणि हात अजून शिवशिवत असले, तर व्हीलचा विचार करा. वही पाचव्या दिवशी थांबली असेल, तर पंचवीस हजार वाचले. कंट्रोलर घेताना मात्र एक बघा. नेहमीच्या स्टिकच्या आतले भाग घासून झिजतात आणि वर्ष-दोन वर्षांत गाडी आपोआप बाजूला ओढायला लागते. हॉल इफेक्टवर चालणाऱ्या स्टिकमध्ये चुंबकानं जागा मोजली जाते, घासणं नाही, म्हणून त्या जास्त टिकतात. एडविन हॉल यांनी १८७९ साली शोधलेला हा परिणाम आज आपल्या अंगठ्याखाली आहे.

काकांनी भावाला हीच अट घातली. त्याची वही सध्या सातव्या आठवड्यात आहे. मधल्या काळात तो अठराचा झाला, आणि मला जास्त काळजी त्या गोष्टीची होती. कारण आता तो खरी गाडीही चालवतो.

आमचा चोर्ला घाट तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. बेळगावहून जांबोटी, कणकुंबी करत गोव्यात साखळीला उतरणारा. पावसाळ्यात धुकं असं उतरतं की बोनेटपुढचं दिसत नाही. रॅली खेळलेल्या मुलाला तो रस्ता बघून हात शिवशिवणारच. त्याला मी एवढंच सांगितलं: रॅलीत रस्ता बंद असतो, समोरून एसटी येत नाही, डोक्यावर हेल्मेट असतं, गाडीत लोखंडी पिंजरा असतो आणि तरी माणसं मरतात. चोर्ल्यात यातलं एकही नाही. खेळातून घ्यायचं असेल तर वळणाच्या आधी ब्रेक मारायची सवय घे आणि ओल्या मातीवर झटका द्यायचा नसतो ही समज घे. वेग घरी ठेव.

गेल्या महिन्यात त्यानं पहिल्यांदा तो घाट चालवला. काका शेजारी, मी मागे. अख्खा घाट तो चाळीसच्या आत उतरला. प्रत्येक वळणाआधी वेग कमी, मग हॉर्न, मग वळण. पिनेच्या एका वळणावर समोरून भरलेला ट्रक मधोमध आला, तेव्हा आमची गाडी आधीच कडेला सरकलेली होती. काका काही बोलले नाहीत. खाली साखळीत चहाला थांबलो तेव्हा त्यांनी मला हळूच विचारलं, "ते व्हील केवढ्याला येतं म्हणालास?"